क्वेकरांच्या जुन्या पुस्तिका: मूळ प्रत, स्कॅन, टंकलेला मजकूर की संग्रह?

इंग्लंडमधल्या पहिल्या पिढीच्या क्वेकरांच्या (हा सतराव्या शतकातला एक ख्रिस्ती पंथ), म्हणजे साधारण १६५२ ते १६९० या काळातल्या, पुस्तिकांवर काम करायचं तर एकच मजकूर चार रूपांत मिळतो. त्या वेळी छापलेली मूळ पुस्तिका, तिचं ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या संकेतस्थळावरचं (ईईबीओ) स्कॅन, त्या स्कॅनवरून टंकलेला टीसीपीचा (‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ या प्रकल्पाचा) मजकूर, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर सहधर्मीयांनी काढलेला जाडजूड संग्रह. चौघांत वाचायला सर्वांत सोपा संग्रह, आणि दगा देण्यात सर्वांत पुढेही तोच. शोध टीसीपीत घ्यावा, उतारा स्कॅनवरून घ्यावा आणि संग्रहाकडे साक्षीदार म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून पाहावं, असं आमचं मत आहे.

मूळ पुस्तिकेपासून सुरुवात करू. बहुतेक पुस्तिका क्वार्टो आकाराच्या. कागदाच्या एका तावावर एका बाजूला चार पानं छापायची (१, ४, ५, ८), उलट बाजूला उरलेली चार (२, ३, ६, ७), मग दोन घड्या घालायच्या. एका तावाची आठ पानांची पुस्तिका तयार. बांधणी नाही, पुठ्ठा नाही. डाव्या कडेला दाभणाने भोकं पाडून दोरा ओवलेला. खर्च तावांवर ठरायचा, त्यामुळे शेवटच्या पानावर जागा कमी पडली की जुळारी बारीक खिळे वापरायचा, ओळी दाटीने बसवायचा. अशी दाटी दिसली तर मजकूर महत्त्वाचा म्हणून बारीक केला असेल, असा तर्क लढवू नका. ताव संपत आला होता, एवढंच.

लेखक बहुधा फिरतीवर किंवा तुरुंगात, त्यामुळे मुद्रितं तपासायला छापखान्यात कुणी नसायचं. छपाई चालू असताना चूक दिसली तर यंत्र थांबवून खिळा बदलत, पण आधी छापलेले ताव फेकत नसत. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत फरक सापडू शकतो. ईईबीओवर तुम्ही पाहता ती बहुधा एकच प्रत, ती ‘आवृत्ती’ नव्हे. वाद एखाद्या शब्दावरच असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अशा प्रती पाहायला लंडनच्या फ्रेंड्स हाउसमधलं ग्रंथालय उत्तम. १६७३ साली क्वेकरांच्या लंडनमधल्या मॉर्निंग मीटिंगने, म्हणजे पुढाऱ्यांच्या नियमित बैठकीने, ठरवलं की आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती आणि विरोधकांच्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ठेवायची. तिथून या ग्रंथालयाचा साठा सुरू झाला. अमेरिकेत हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर ही दोन कॉलेजं. मात्र पुढच्या मालकांनी अनेक पुस्तिका एकत्र बांधताना कडा कापल्या आहेत. समासातली टीप किंवा पानाखालची खूण अर्धी गेली असेल तर दोष छापखान्याचा नाही, बाइंडरचा.

पुण्या-मुंबईत बसून काम करणाऱ्याला रोजचा आधार स्कॅनचाच. ते जुन्या कृष्णधवल मायक्रोफिल्मवरून केलेलं असल्याने करडी छटा नाही: शाईचा डाग, पलीकडच्या पानाची उमटलेली अक्षरं आणि खरी अक्षरं सगळी सारखीच काळी. स्वल्पविराम की ठिपका, हे स्कॅनवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण शीर्षकपान जसंच्या तसं दिसतं, आणि या पुस्तिकांत शीर्षकपान फार बोलकं. १६५० च्या दशकात त्यावर विक्रेत्याचं नाव राजरोस असायचं: सेंट पॉल्सच्या पश्चिम टोकाला ‘ब्लॅक स्प्रेड ईगल’च्या पाटीखाली जाइल्स कॅल्व्हर्ट, नंतर ‘बुल अँड माउथ’पाशी त्याचा मेहुणा थॉमस सिमन्स. छपाईवर बंधनं घालणाऱ्या १६६२ च्या परवाना कायद्यानंतर ही नावं गळू लागली. क्वेकरांची एक पुढारी मार्गारेट फेल हिची स्त्रियांच्या धर्मोपदेशाच्या हक्कावरची १६६६ ची पुस्तिका घ्या. शहर आणि साल आहे, मुद्रकाचं नाव नाही. नाव नसणं हाच तिथे पुरावा. १६६७ मध्ये ती भर घालून पुन्हा निघाली, तेव्हा हाताशी कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा.

जॉर्ज टॉमसन या पुस्तकविक्रेत्याने जमवलेल्या प्रतीचं स्कॅन मिळालं तर आणखी एक फायदा होतो. तो पुस्तिका हाती आल्याची तारीख शीर्षकपानावर हाताने लिहायचा. त्याचा संग्रह १६६१ ला थांबतो.

टीसीपीचा मजकूर फुकट आहे आणि शब्दशोधाला त्याला तोड नाही. त्यात वर्णविन्यास मात्र मूळचाच राहतो: यू आणि व्ही यांची अदलाबदल, डब्ल्यूच्या जागी दोन व्ही. एकच रूप शोधलंत तर निम्मी उदाहरणं हातून निसटतील. न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी नुसती खूण असते. हाताने लिहिलेल्या नोंदी नाहीत, आणि ग्रीक, हिब्रू, अरबी मजकुराच्या जागीही नुसती खूण. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, स्टब्स आणि फर्ली यांचं १६६० चं ‘बॅटल-डोर’ हे पुस्तक एकट्या माणसाला ‘तू’च म्हणावं याचे दाखले अनेक भाषांतून देतं, आणि त्याच्या कित्येक पानांवर मुलांच्या अक्षरपाटीसारखी चौकट छापलेली आहे. असं पुस्तक टंकलेल्या रूपात वाचून हाती फारसं लागत नाही.

आता संग्रह. १६७२ मध्ये एडवर्ड बरोचा निघाला, १७०६ मध्ये जॉर्ज फॉक्सच्या पुस्तिकांचा, १७१० मध्ये फेलचा, १७१६ मध्ये जेम्स नेलरचा. नंतरचे बरेचसे टेस सोलच्या छापखान्यातले: टाइप मोठा, अनुक्रमणिका नीट, पानांचे आकडे विश्वासाचे. पण मधल्या काळात चळवळीला आब राखायची गरज पडली होती. १६७३ पासून मॉर्निंग मीटिंग हस्तलिखितं छपाईआधी तपासत असे. नेलर हा क्वेकर उपदेशक १६५६ मध्ये घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये येशूसारखा शिरला आणि संसदेने त्याला क्रूर शिक्षा दिली. अशा माणसाचा संग्रह जॉर्ज व्हाइटहेडने मृत्यूनंतर ५६ वर्षांनी काढला, तेव्हा अडचणीचं बरंच वगळलं आणि शब्दही गुपचूप बदलले. नेलरसाठी क्वेकर हेरिटेज प्रेसची २००३ ते २००९ मधली चार खंडांची आवृत्ती वापरा. फॉक्सच्या १६९४ च्या ‘जर्नल’मध्येही थॉमस एलवुडने मूळ हस्तलिखितातली भाषा मवाळ केली आहे. १६७० नंतर क्वेकरांना स्वतःची कोणती प्रतिमा हवी होती, हा विषय असेल तर मात्र हेच संग्रह मुख्य साधन ठरतात.

मागणीनुसार छापून मिळणारी स्कॅनची पुस्तकं घेऊ नका. स्कॅनचे सगळे दोष त्यात उतरतात, शिवाय पान लहान करून छापल्यामुळे समासातल्या टिपा वाचता येत नाहीत.

कुठलंही रूप निवडलं तरी तारखेपाशी जपा. क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत, आकडे वापरत. आणि १७५२ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये पहिला महिना मार्च, नवं वर्ष २५ मार्चला. राजाला दिलेल्या प्रसिद्ध शांततेच्या जाहीरनाम्यावर अकराव्या महिन्याची २१ तारीख, १६६० असं आहे. ती नोव्हेंबर १६६० नव्हे, आपल्या हिशेबाने जानेवारी १६६१. उतारा देताना पानाच्या आकड्यावरही विसंबू नका, घाईच्या जुळणीत ते चुकतात. पानाच्या पायाशी छापलेली तावाची खूण (पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या पानावर ए, ए२, ए३, सातव्यावर बहुधा काहीच नसतं) आणि विंग सूचीतला, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या सूचीतला, क्रमांक द्या.