आधी नार्निया की आधी हॅरी पॉटर?

नौपाड्यातल्या आमच्या शेजारणीने जिन्यातच गाठलं. "ताई, लेक पाचवीत गेली. आधी नार्निया देऊ की हॅरी पॉटर?" दोन्ही मालिका सात-सात पुस्तकांच्या, जादू दोन्हींत. पण तिची लेक म्हणजे कोण कुठे काय बोललं ते महिनाभराने सांगणारी. अशा मुलीसाठी मी एकच बघेन: पात्रं आपल्या शब्दाला जागतात का?

नार्नियात पंचाईत सुरुवातीलाच होते. हल्लीच्या संचात 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ आकडा असतो, कारण त्यात नार्नियाचा जन्म आहे. छापून मात्र ते सहावं आलं, १९५५ साली. त्यात जेडिस ही चेटकीण चार्न नावाच्या मेलेल्या जगातून येते. आणि २ आकड्याच्या, म्हणजे १९५० साली सगळ्यात आधी आलेल्या पुस्तकात बीव्हर हा बोलका प्राणी ठासून सांगतो, ही आदमच्या पहिल्या बायकोच्या, लिलिथच्या वंशातली. माझ्या भाचीने तलावपाळीवर भेळ खाता खाता दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडली, पानाला चिंचेचं बोट लावलं आणि विचारलं, "मावशी, बीव्हर थापा मारतोय?" म्हटलं, त्याला बिचाऱ्याला चार्न कोण दाखवणार, ऐकीव माहिती असेल. तिला काही पटलं नाही.

शिवाय मुलंही बदलत जातात. नार्नियात जाणाऱ्या चार भावंडांतली दोन गळतात, मग उरलेली दोन, त्यांच्या जागी युस्टेस आणि जिल. सातही पुस्तकांत भेटतो तो फक्त अस्लान हा सिंह. 'द सिल्व्हर चेअर'मधली चेटकीण तर मला जुन्याच बाईला हिरवा झगा चढवल्यासारखी वाटते. आणि त्या चार भावंडांतल्या सुझनला शेवटी लिपस्टिक आणि पार्ट्यांच्या नादी लागली म्हणून दोन ओळींत वगळलंय, ते मला अजून खुपतं.

हॅरीत चुका नाहीत असं नाही. चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत जादूच्या कांडीतून हॅरीच्या आईबाबांच्या छाया उलट क्रमाने निघाल्या होत्या, नंतर दुरुस्त केलं. पण पेरणी पक्की. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात सिरियस ब्लॅकचं नाव ओझरतं येऊन जातं, माणूस उगवतो तिसऱ्या पुस्तकात. रॉनचा झोपाळू उंदीर तर... नको, शेजारणीलाही नाही सांगितलं. दरवर्षी नवा संशयास्पद मास्तर हा ठरलेला साचा आहे खरा, पण त्याचंही कारण सहाव्या पुस्तकात मिळतं.

म्हणून हॅरीची पहिली तीन आधी. चौथ्यापासून मरणं वाढत जातात, आणि पाचवं मूळ ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचं. तिथे दमली तर मध्ये नार्निया घ्यावं, तेही छापून आलेल्या क्रमाने. माझा संच न्यायला हरकत नाही. त्यातल्या १ वर मी कागद चिकटवून ६ लिहून ठेवलंय.