इक्विनॉक्स ८०० नाशिकच्या काळ्या जमिनीत: खोलवरचा बारीक आवाज कसा पकडायचा

मे महिन्यात शेतात हरवलेली अंगठी फार दिवस वर राहत नाही. निफाड-दिंडोरीकडची भारी काळी जमीन उन्हात भेगाळते, वस्तू भेगेत घसरते आणि पावसाने माती फुगली की भेग मिटते. त्यात रोटाव्हेटर फिरला की सगळंच वर-खाली होतं. म्हणून आपल्याकडे मेटल डिटेक्टर घेताना खरा प्रश्न एकच असतो. वीतभर खोल गेलेल्या छोट्या वस्तूचा आवाज तो तुमच्या कानापर्यंत पोहोचवतो का?

माइनलॅबचं इक्विनॉक्स ८०० तो पोहोचवतं. पण कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर नाही.

अडचण आपल्या मातीत आहे. ही बेसॉल्टच्या झिजेतून झालेली जमीन, तिच्यात चुंबकीय लोहखनिज भरपूर. वस्तू कुठल्या धातूची ते मशीन पडद्यावर आकड्याने सांगतं, आणि या मातीमुळे खोलवरच्या वस्तूचा आकडा लोखंडाच्या बाजूला ओढला जातो. या मशीनवर आकडे उणे ९ ते ४० असे येतात आणि शून्य व त्याखालचे लोखंडाचे धरले जातात. वर ठेवल्यावर ८-९ दाखवणारी अंगठी २०-२२ सेंटिमीटरवर १, शून्य, उणे २ अशी नाचू लागते. लोखंड नको म्हणून तो पट्टा बंद ठेवला असेल, तर अंगठीही त्याच्याबरोबर गप्प होते.

म्हणून लोखंड बंद करू नका, त्याचा आवाज कमी करा. नालेच्या आकाराचं बटण दाबून सगळे आकडे उघडा. मग टोन ५ वर ठेवा, म्हणजे आकड्यांचे पाच पट्टे होतात आणि प्रत्येकाचा स्वर वेगळा. व्हॉल्यूमच्या सेटिंगवर जाऊन सेटिंगचं बटण दाबून धरा म्हणजे टोन व्हॉल्यूम उघडेल. पहिला, म्हणजे लोखंडाचा पट्टा ४ ते ६ वर आणा, बाकीचे चारही २५ वर न्या. आता खिळे आणि तारांचे तुकडे मागे पुटपुटत राहतात आणि त्यातून मधेच एखादा वेगळा स्वर डोकं वर काढतो. तोच आपल्या कामाचा. ५० टोनवर खोलवरचा आकडा नाचला की स्वरही नाचतो आणि कान गोंधळतो. ज्यांचा कान तयार आहे त्यांनाच ते झेपतं.

थ्रेशोल्डबद्दल, म्हणजे मशीन सतत काढत असलेल्या मंद गुणगुणीबद्दल, बराच गैरसमज आहे. पार्क, फील्ड आणि बीच मोडमधला थ्रेशोल्ड ही फक्त खुणेची गुणगुण असते. नाकारलेली वस्तू खाली आली की ती तुटते, पण बारीक सिग्नल त्याने वर येत नाही. पट्टे सगळे उघडे ठेवले असतील तर तिथे तो शून्यावर ठेवला तरी चालतो. गोल्ड मोडमध्ये मात्र खरा थ्रेशोल्ड आहे. डास लांबून गुणगुणावा इतक्याच पातळीवर तो ठेवा, म्हणजे खालून काही गेलं की गुणगुण किंचित फुगते. थ्रेशोल्डचा पिच, म्हणजे स्वराची उंचीही बदलता येते. पन्नाशीपुढच्या कानाला तीव्र स्वर कमी ऐकू येतात, तेव्हा मधला स्वर निवडावा.

सेन्सिटिव्हिटी २५ पर्यंत जाते म्हणून २५ वर नेऊ नका. काळ्या जमिनीत एवढ्यावर मशीन सतत बडबडतं आणि त्या गलक्यात बारीक आवाज बुडतो. आधी महावितरणची डीपी, चालू मोटर, मोबाइल यांपासून लांब जाऊन नॉइज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळण्याची सोय) करा आणि ते चालू असताना कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवायची चकती, हलवू नका. मग मशीन मातीशी जुळवून घ्यायला, खाली धातू नाही अशी जागा पाहून ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि आवाज शांत होईपर्यंत कॉइल वर-खाली करत राहा. बांधाजवळच्या मुरमाडात केलेला बॅलन्स वावराच्या मधल्या काळीत चालत नाही, माती बदलली की पुन्हा करायचा. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या, बडबड सुरू झाली की दोन घरं खाली या. बहुतेक ठिकाणी १६ ते १९ पुरे होते.

रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूनंतर मशीन पुढच्या वस्तूला किती लवकर तयार होतं ते, १ ते ८ आहे. मोकळ्या वावरात ३ किंवा ४ ठेवला की खोल सिग्नल लांब, भरीव येतो, फक्त हात सावकाश फिरवावा लागतो. एका फेऱ्याला दोन-तीन सेकंद द्या आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा, कारण खोलात कॉइलची नजर अरुंद होते. द्राक्षबागेत हे जमत नाही. वेलींना आधार देणारे लोखंडी वाय अँगल आणि तारा इतक्या जवळ असतात की ११ इंची कॉइल त्यांचंच गाणं गात बसते. तिथे ६ इंची कॉइल वेगळी घ्यावी आणि स्पीड ६-७ करावा. खोली घटते, पण झाडाच्या बुडाशी शोधता येतं.

बागेतला आणखी एक त्रास म्हणजे औषधाच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची सीलं. त्यांचे आकडे बारीक सोन्याच्या आसपास येतात. फरक आवाजाच्या जोरात असतो: वरवर पडलेलं सील ठणठणीत वाजतं, खोलातली अंगठी कुजबुजते. मंगळसूत्र शोधताना वाटीवर भरवसा ठेवा. काळे मणी काचेचे आणि साखळीच्या कड्या सुट्या सुट्या, त्यामुळे मशीनला अख्खी साखळी नाही, एकेक बारीक कडी दिसते.

कुजबुज ऐकू आली की लगेच खणू नका. दोन्ही बाजूंनी फिरवा, मग ९० अंशात वळून पुन्हा फिरवा. एकाच बाजूने वाजत असेल तर बहुधा वाकडा खिळा. कॉइल पाच सेंटिमीटर उचला: तापट दगडाचा (लोहखनिजामुळे धातूसारखा वाजणाऱ्या) आवाज एकदम मरतो, खऱ्या वस्तूचा हळूहळू विरतो. तरी शंका राहिलीच तर खुरप्याने वरची चार बोटं माती बाजूला करा. वस्तू असेल तर आवाज भरेल, मातीचा भास असेल तर तसाच राहील किंवा जाईल.

सेटिंग घरी तपासायचं असेल तर खड्डा करून अंगठी पुरू नका, मोकळी झालेली माती खोटा निकाल देते. पहारीने तिरकं भोक पाडा आणि नायलॉनच्या दोरीला बांधलेली अंगठी आत सरकवा. वरची माती न हललेली राहते आणि अंगठी परतही मिळते.

हेडफोनशिवाय यातलं निम्मं वाया जातं. सोबत येणारे ब्लूटूथ हेडफोन कमी विलंबाचे आहेत. साधे ब्लूटूथ लावले तर आवाज येईपर्यंत कॉइल पुढे गेलेली असते. वारा असेल तर कान पूर्ण झाकणारे, ३.५ मिमी पिनचे वायरचे हेडफोन सगळ्यात बरे.

उणीव सांगायची तर फक्त अशक्त सिग्नल फुगवणारी वेगळी सोय यात नाही. एक्सपी कंपनीच्या ड्यूस डिटेक्टरमध्ये ऑडिओ रिस्पॉन्स नावाची तशी सोय आहे. इथे मशीनचा व्हॉल्यूम २२-२३ वर ठेवून हेडफोनच्या बटणाने मोठे आवाज सुसह्य करावे लागतात. इक्विनॉक्सचंच ६०० मॉडेल स्वस्त आहे, पण त्यात रिकव्हरीच्या तीनच पायऱ्या आहेत आणि गोल्ड मोड नाही. काळ्या जमिनीसाठी जास्तीचे पैसे ८०० वर घालावेत.

पांडवलेण्यांच्या आवारात किंवा कुठल्याही संरक्षित स्मारकाजवळ हे मशीन काढायचं नाही. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता, आणि हा इतिहास कळला तो नाणी एकत्र राहिली म्हणून. स्वतःच्या वावरात जरी जुनं काही लागलं, तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खणणं तिथेच थांबवा, जागेचा फोटो काढा आणि नाणी घासू-पुसू नका.