मराठी बडबडगीतांचं बटणवालं पुस्तक, 5 महिने वापरून लिहितेय

आम्ही बंगळूरला राहतो, लेक आता दोन वर्षांची होईल, पाळणाघरात कन्नड आणि इंग्रजी, त्यामुळे मराठी तिच्या कानावर पडणार ती फक्त आमच्या दोघांच्या तोंडून. मोबाईलवर गाणी लावायची नव्हती, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं डब्ल्यूएचओनं 2019 मध्येच सांगितलंय, म्हणून हे 12 बटणांचं साउंड बुक ऑनलाइन मागवलं, 749 रुपये पडले.

पानं जाड पुठ्ठ्याची आहेत, कोपरे गोल, लेकीने चावून चावून ओली केली तरी सुटली नाहीत. चित्रं खूप गोड, गाईच्या गळ्यातल्या घंटेवर ती रोज बोट ठेवते. आवाज मात्र फार मोठा आणि कमी करायची सोयच नाही, शेवटी स्पीकरच्या जाळीवर सेलोटेपच्या दोन पट्ट्या मारल्या.

खरी तक्रार स्पीडची. मागे ढोलकी, कीबोर्ड, आणि गाणं असं धावतं की मुलांना तोंड उघडायला जागाच नाही. महिनाभर ती बटण दाबून नुसती नाचायची, शब्द एक नाही. मग सासूबाई पुण्याहून आल्या, म्हणाल्या, "अगं, तिला बोलायला वेळ तर दे." पुस्तक बाजूला ठेवून तिला मांडीवर घेतलं, तळहातावर थाप देत "आपडी थापडी, गुळाची..." एवढं म्हणून थांबायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. चौथ्या दिवशी "पापी" आलं, आठवड्याभरात "पापडी"! मला रडूच आलं.

आणि अडगुलं, मडगुलं, कडगुलं यात बघा, फक्त पहिलं अक्षर बदलतं, मुलांचा कान ते बरोबर पकडतो, आता ही स्वतःच "बडगुलं" करून हसते. शब्दातले आवाज असे सुटे ऐकू येणं पुढे वाचायला शिकताना लागतं. ब्रायंट आणि ब्रॅडली या मानसशास्त्रज्ञांच्या टीमने इंग्लंडमधल्या 64 मुलांवर केलेला अभ्यास 1989 मध्ये आला होता, तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती ती मुलं सहाव्या वर्षी वाचनातही पुढे होती.

म्हणूनच उच्चारांचा जास्त राग येतो. गायिका "रुप्याचा वाला, तान्ह्या बाला" म्हणते, सरळ ल! मराठी पुस्तकात ळ नसेल तर मुलांनी ऐकायचा कुठे, वेळ आणि वेल, मूळ आणि मूल यातला फरक त्यांना कळणार कसा? कन्नडमध्येही ळ आहे, आमच्या पाळणाघरातल्या ताई तो छान म्हणतात, आणि मराठीच्या नावावर विकलेल्या पुस्तकात नाही. कंपनीला मेल केलाय, अजून उत्तर नाही.

पाचपैकी तीन स्टार, ते पुठ्ठ्याला आणि चित्रांना. आम्ही आता चित्र बघून गाणं स्वतः म्हणतो, बटण सगळ्यात शेवटी.

एक महत्त्वाचं, यात तीन बटण सेल (घड्याळात असतात तसे छोटे, चपटे) आहेत आणि आमच्या पुस्तकात सेलवरच्या झाकणाचा स्क्रू ढिला आला होता. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते, तेव्हा पार्सल उघडल्यावर मुलाच्या हातात द्यायच्या आधी स्क्रू पिळून बघाच.