कसोटीचा दगड, चार बाटल्या आणि एक जुनी म्हण: सोनं तपासण्याच्या संचाचा आढावा

‘चकाकतं ते सगळं सोनं नसतं’ ही म्हण आपण बहुतेकदा माणसांना लावतो, पण मुळात ती धातूचीच आहे. बाराव्या शतकातल्या आलेन द लिल या फ्रेंच विद्वानाच्या नावावर तिचं लॅटिन रूप सांगतात: सोन्यासारखं चमकतं ते सगळंच सोनं समजू नकोस. यातला ‘सगळंच’ फार मोलाचा. घाईत ‘चकाकतं ते सोनं नसतं’ म्हटलं की अर्थ बिघडतो, कारण खरं सोनंही चकाकतंच. नजरेवर विसंबू नका, कस लावा, एवढंच ती म्हण सांगते. आपल्या भाषेत हा कस खोल मुरलाय. ‘निकष’ म्हणजे मूळचा कसोटीचा दगडच, आणि कमी कसाचं ते ‘हिणकस’.

हेच काम घरी करण्यासाठी जो संच मिळतो, त्यात काळा दगड, १०, १४, १८ आणि २२ कॅरेटच्या ऍसिडच्या बाटल्या आणि त्याच कॅरेटची टोकं असलेल्या सळया असतात. यातली सर्वात कामाची वस्तू म्हणजे सळया. दागिन्याची दोन-तीन सेंटीमीटरची भरीव रेघ दगडावर ओढायची, शेजारी सळईची तेवढीच रेघ ओढायची आणि दोन्हींवर आडवा ऍसिडचा थेंब फिरवायचा. दहा-वीस सेकंदांत सळईची रेघ टिकली आणि दागिन्याची फिकी पडली, तर कस कमी. हिरवट फेस आला तर तांबं किंवा पितळ. सळईशिवाय नुसत्या रंगावरून अंदाज बांधू नये. डोळा हमखास फसतो.

संचाची खरी उणीव म्हणजे त्यात कानस नसते. जुन्या संस्कृत श्लोकात सोन्याच्या चार परीक्षा सांगितल्या आहेत: घासणं, कापणं, तापवणं, ठोकणं. हा संच फक्त पहिली परीक्षा घेतो, आणि तीही वरच्या थराची. जाड मुलामा दिलेलं पितळ दगडावर खुशाल २२ कॅरेट उतरतं! म्हणून न दिसणाऱ्या कडेला कानशीने बारीक खाच पाडून आतल्या धातूची रेघ घ्यावी. डाक दिलेल्या जोडावर मात्र घासू नये, तिथला कस कमीच निघतो.

खाच पाडायची नसेल तर घनता बघा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दागिना दोऱ्याने पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरा. कोरडं वजन भागिले आता काट्यावर दिसणारा आकडा, ही घनता. २० ग्रॅमच्या बांगडीला १.१३ आला तर १७.७, म्हणजे २२ कॅरेटच्या आसपास. पितळ साडेआठच्या आगेमागे राहतं. पोकळ किंवा खडे जडवलेल्या दागिन्याला ही रीत चालत नाही. बनावट सोन्यात आत भरल्या जाणाऱ्या टंगस्टन या धातूची घनता तर शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ (१९.२५ आणि १९.३) की तिथे हा उपायही थकतो.

दगड चांगला आहे. वापरानंतर पाण्याखाली बारीक वॉटर पेपरने घासला की पुन्हा कोरा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि सांडलेल्या थेंबावर खाण्याचा सोडा टाका.

बाटल्यांवर मात्र डोळे झाकून भरवसा नको. २२ कॅरेटच्या बाटलीत आम्लराजाच्या, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ऍसिडच्या, जातीचं मिश्रण असतं. त्यातले वायू उडत राहतात आणि ते कमजोर होतं. कमजोर ऍसिडखाली हलकं सोनंही टिकतं, म्हणजे खोट्याला खरं ठरवलं जातं. म्हणून दर वेळी आधी १८ कॅरेटच्या सळईची रेघ ओढून तिच्यावर २२चं ऍसिड टाका. रेघ विरली तर पुढे जा. तशीच राहिली तर ती बाटली बाद.