फायबरची परवानगी: मुदत घालावी की वॉर्डाला पैसे द्यावेत?

इंटरनेटची फायबर केबल टाकायला रस्ता खोदण्याची पालिकेची परवानगी लवकर मिळावी, यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, म्हणजे मुदतीचा, आपल्याकडे आहेच. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या मार्गाधिकार (टेलिकॉम केबलसाठी जागा वापरण्याचा हक्क) नियमांनुसार ६७ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात. सरकारला वेगळा खर्च काहीच नाही. पण त्या कागदावरून रस्त्याखालचं दिसत नाही. आमच्या गिरगावातल्या गल्लीत फुटपाथ उघडला, तेव्हा हातभर खोलीवर पाण्याची लाइन, विजेची केबल आणि गॅसचा पाइप एकमेकांना खेटून होते. पहार चुकली असती तर अख्खी गल्ली कोरडी!

दुसरा मार्ग अनुदानाचा: जागेची पाहणी करणारे इंजिनीअर आणि भूमिगत वाहिन्यांचे नकाशे यांसाठी वॉर्ड ऑफिसला पैसे. वेळ लागतो, हिशेबही काटेकोर हवा. तरी मला हाच पटतो. पावसाळ्यात खोदाई थांबते. त्याआधी पाहणी उरकायला माणसं हवीतच.