गिफ्टची यादी, पैशांचा फंड की काहीच नको? लग्न ठरलेल्यांसाठी

लग्न ठरलंय आणि पाहुण्यांना गिफ्टची यादी द्यायची की नाही यावरून घरात वाजलंय, असं असेल तर आधी एक सांगते, हे आजकालच्या पोरांचं खूळ नाहीये. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्येच नवरा-नवरीला हव्या असलेल्या गिफ्टची यादी दुकानात नोंदवून ठेवायची सोय सुरू केली होती, १९९३ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानांच्या साखळीने दुकानात मशीनवर स्वतःच नोंदवायची सोय केली आणि मग सगळं ऑनलाइन आलं. बदललंय ते लग्न करणाऱ्यांचं घर. आधी संसार शून्यातून मांडायचा म्हणून येईल ते कामी यायचं, आता बरेच जण लग्नाआधीच स्वतंत्र राहत असतात, दोघांचं सामान एकत्र केलं की दोन इस्त्र्या निघतात.

यादी नकोच, हे मोठ्यांना पटतं. त्यांच्या लेखी भेट म्हणजे देणाऱ्याची मर्जी आणि मागणं म्हणजे हात पसरणं, आणि यात तथ्य आहे हो, मावशीने डोळे दुखेपर्यंत बसून विणलेली शाल कुठल्या यादीत येणार? तोटा तुम्हाला माहितीच आहे, एकसारखी भिंतीवरची घड्याळं.

यादी दिली की कुणी वस्तू घेतली की ती 'घेतली' अशी दिसते, डबल येत नाही, आणि ऑफिसातल्या किंवा लांबच्या मित्राला तर सुटल्यासारखं होतं. पण इथे एक घोळ होतो, स्वस्त वस्तू आधी संपतात आणि उशिरा बघणाऱ्याला फक्त महागड्या उरतात, मग तो बिचारा एकतर ओढाताण करून घेतो नाहीतर मनातून खट्टू होतो. म्हणून छोट्या वस्तू भरपूर टाका, मोठ्या वस्तूला चारपाच जणांनी मिळून पैसे भरायचा ऑप्शन असेल तर तो चालू ठेवा. आणि काकांना अकाउंट उघडा, ओटीपी टाका असं करायला लावू नका, कुणीतरी शेजारी बसून करून द्या.

पैशांचा फंड तरुणांना सगळ्यात सोयीचा वाटतो, आणि घर घेताय किंवा परदेशी शिफ्ट होताय तर खरंच तोच बरा. फक्त काही साइट्स प्रत्येक रकमेतून फी कापतात, ते आधी बघून घ्या. ज्येष्ठांना पाकिटात पैसे द्यायला काही वाटत नाही पण लिंकवर भरायचे म्हटलं की बिल भरल्यासारखं वाटतं, म्हणून कशासाठी हवेत ते स्पष्ट लिहा आणि नंतर त्याचं काय घेतलं ते फोटोसकट कळवा.

मला खरा राग येतो तो ताटामागे किती खर्च आला आणि समोरच्याने किती दिले असा हिशोब मांडणाऱ्यांचा, आणि हे दोन्ही पिढ्यांत आहेत. पाहुणे तुम्ही बोलावलेत, त्यांनी तिकीट काढलेलं नाही.

माझं मत विचाराल तर छोटी यादी करा, फंड त्यातच एक पर्याय म्हणून ठेवा, पत्रिकेवर काहीच छापू नका आणि कुणी विचारलं तरच आईबाबांनी किंवा भावंडांनी लिंक द्यावी. घरचे अगदीच विरोधात असतील तर यादी फक्त मित्रमंडळींपुरती ठेवा, नातेवाइकांना मोकळं सोडा. लग्नानंतरही काही महिने ती बंद करू नका कारण बरेच जण उशिरा पाठवतात, आणि कुणी काय दिलं ते एकाच वहीत लिहायचं काम आधीच कुणाला तरी देऊन ठेवा.