प्रिंटची जुनी नोंद कुठे बघायची: इव्हेंट व्ह्यूअर, स्पूलर, प्रिंटर की वेगळं सॉफ्टवेअर?

कालपरवा काय प्रिंट झालं, कोणी केलं, किती पानं गेली, हे शोधायची वेळ आली की सगळे आधी प्रिंट क्यू उघडतात आणि ती रिकामी दिसते. रिकामीच असणार, कारण क्यू म्हणजे अजून व्हायच्या कामांची रांग, काम झालं की ते तिथून जातं. जुनी नोंद बघायचे रस्ते वेगळे आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं येतं, त्यामुळे आधी आपला प्रश्न काय आहे ते नक्की करा. कोणी आणि कधी प्रिंट दिली एवढंच हवंय, की तोच कागद परत काढायचाय, की महिन्याला किती पानं जातात त्याचा हिशोब हवाय? तिन्हीसाठी एकच पर्याय चांगला असं नाहीये.

विंडोजवाल्यांनी सुरुवात इव्हेंट व्ह्यूअरपासून, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय घडलं त्याच्या नोंदी (लॉग) दाखवणाऱ्या विंडोजमधल्याच ॲपपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग प्रिंटसर्व्हिस, आणि त्यात ऑपरेशनल नावाचा लॉग. अडचण एकच पण मोठी आहे, हा लॉग मुळात बंद असतो. राइट क्लिक करून एनेबल केल्यावर त्या क्षणापासून नोंद सुरू होते, आधीचं काहीही मिळत नाही. म्हणून गरज नसली तरी आजच चालू करून ठेवा, कारण गरज पडते तेव्हा नेमकं मागचं बघायचं असतं.

या लॉगमध्ये प्रत्येक प्रकारच्या नोंदीला, म्हणजे इव्हेंटला, एक नंबर असतो, आणि तुमच्या कामाचा इव्हेंट म्हणजे 307. प्रत्येक झालेल्या प्रिंटमागे एक, त्यात युजर, कॉम्प्युटर, प्रिंटर, पोर्ट, फाइलचा साइज बाइट्समध्ये आणि पानं. फिल्टरमध्ये 307 टाकला की बाकीचा गोंधळ जातो आणि यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) करून एक्सेलमध्येही नेता येते. आता दोन गोष्टी ज्या पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास अडवतात. एक, डॉक्युमेंटचं नाव दिसत नाही, सगळीकडे नुसतं 'प्रिंट डॉक्युमेंट' लिहिलेलं असतं. हे प्रायव्हसीसाठी आहे, नाव हवं असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) प्रिंटर्सखाली 'अलाव जॉब नेम इन इव्हेंट लॉग्ज' चालू करावं लागतं, आणि विंडोज होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो म्हणून तिथे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमधून करावं लागतं. दुसरी गोष्ट कॉपीजची. पाच पानांच्या फाइलच्या दहा कॉपी काढल्या तरी 307 मध्ये बऱ्याचदा पाचच पानं दिसतात, कॉपीजचा आकडा 805 या वेगळ्या इव्हेंटमध्ये असतो आणि जॉब नंबरवरून दोन्ही जुळवायचे. हे माहीत नसताना कोणी पानांचा हिशोब लावला तर तो चुकणार, आणि त्यावरून कुणाला जाब विचारला तर ते फारच वाईट.

लॉगचा साइजही बघा. सुरुवातीला तो साधारण 1 एमबी असतो, भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या बसतात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 20 एमबी केला तरी डिस्कला काही फरक पडत नाही.

दुसरा पर्याय स्पूलरचा, म्हणजे प्रिंटची कामं साठवून प्रिंटरला पाठवणाऱ्या विंडोजच्या भागाचा. त्यासाठी प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स'वर टिक करायची. मग झालेली कामं क्यूमध्येच राहतात, नाव, मालक, पानं, वेळ सगळं समोर, आणि राइट क्लिक करून रीस्टार्ट दिलं की तोच कागद परत निघतो, मूळ फाइल हाताशी नसली तरी. परत प्रिंट काढणं हीच गरज असेल तर विंडोजमध्ये याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण नुसत्या नोंदीसाठी हे चालू ठेवू नका असं मी आग्रहाने सांगेन. कारण इथे फक्त नोंद राहत नाही, अख्खं डॉक्युमेंट राहतं, सिस्टम32 मधल्या स्पूल फोल्डरमध्ये, आणि फोटो किंवा मोठे पीडीएफ जास्त असले तर जागा बघता बघता भरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच लॉगिनवर चार जण काम करत असतील तर कुणाची सॅलरी स्लिप, कुणाचा मेडिकल रिपोर्ट कोणीही परत छापू शकतो.

मॅक आणि लिनक्सवर चित्र बरंच बरं आहे कारण दोन्हीकडे कप्स ही प्रिंटिंग सिस्टम आहे आणि ती झालेल्या कामांचा इतिहास आपणहून ठेवते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:631 टाका, जॉब्समध्ये जा, 'शो कम्प्लीटेड जॉब्स' दाबा. मॅकवर पहिल्यांदा वेब इंटरफेस बंद आहे असा मेसेज येईल, चालू करायची कमांड त्याच पानावर दिलेली असते, ती टर्मिनलमध्ये टाकायची. सेटिंग बदललेलं नसेल तर कप्स 500 कामांपर्यंत लक्षात ठेवते आणि मूळ डॉक्युमेंट एक दिवस, म्हणजे त्या मुदतीत परत प्रिंटही काढता येते. मला ही विभागणी विंडोजपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते, नोंद लांब ठेवायची आणि मजकूर लवकर टाकून द्यायचा. वेब पानावर नावाच्या जागी 'अननोन' किंवा 'विथहेल्ड' दिसलं तर काही बिघडलेलं नाही, इथेही प्रायव्हसीचंच कारण आहे. पानांचा तपशीलवार लॉग मात्र नव्या व्हर्जनमध्ये बंद असतो, तो सेटिंग फाइलमधून चालू करावा लागतो.

आतापर्यंतचे सगळे पर्याय कॉम्प्युटरने काय पाठवलं ते सांगतात. कागद खरंच निघाला का, हे त्यांना नीट माहीत नसतं. मध्येच जॅम झाला, कोणी प्रिंटरवरून कॅन्सल केलं, तरी पानं मोजलेली असू शकतात. आणि फोनवरून वायफायने थेट प्रिंटरला दिलेली प्रिंट तर कॉम्प्युटरला कळतच नाही. अशा वेळी प्रिंटरलाच विचारायचं. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं, ऑफिसच्या मोठ्या मशीनमध्ये तिथे जॉब लॉग असतो, काहींमध्ये रंगीत पानं कोणी किती काढली तेही. घरगुती छोट्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा फक्त एकूण पानांचा काउंटर मिळतो, त्यातून कोण आणि काय हे कळणार नाही, शिवाय मशीनवर काढलेल्या झेरॉक्सही त्यात धरलेल्या असतात. पण महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी काउंटर लिहून ठेवला तर कागदाचा हिशोब कुठल्याही लॉगपेक्षा खरा निघतो.

वेगळं सॉफ्टवेअर कधी घ्यायचं? फक्त यादी हवी असेल तर पेपरकटचा प्रिंट लॉगर विंडोजसाठी फुकट आहे, तो वेळ, युजर, पानं, कॉपीज, प्रिंटर आणि डॉक्युमेंटचं नाव एका ओळीत लिहितो, ब्राउझरमध्ये बघायला आणि सीएसव्हीतही. 307 आणि 805 जुळवायची कटकट नको असेल त्यांनी सरळ हा घ्यावा. त्याच कंपनीचे मोठे प्रॉडक्ट्स कोटा, विभागवार खर्च, मंजुरी वगैरे करतात, ते पाचसात जणांच्या ऑफिसला गरजेचे नाहीत. आणि असा सर्व्हर लावलाच तर अपडेट वेळेवर करा, 2023 मध्ये त्यात गंभीर सिक्युरिटी होल सापडलं होतं आणि अपडेट न केलेल्या सर्व्हर्सवर हल्ले झाले होते.

ऑफिसवाल्यांनी अजून एक बघून घ्या, लॉग कुठल्या मशीनवर चालू करायचा. सगळ्यांच्या प्रिंट एका प्रिंट सर्व्हरवरून, म्हणजे सगळ्यांची कामं घेऊन प्रिंटरला पाठवणाऱ्या एकाच कॉम्प्युटरवरून जात असतील तर त्या एकाच ठिकाणी लॉग किंवा लॉगर पुरतो. प्रत्येक कॉम्प्युटर थेट प्रिंटरच्या आयपीवर पाठवत असेल तर नोंदी त्या त्या मशीनवर विखुरलेल्या राहतात, मग प्रत्येकावर चालू करा नाही तर प्रिंटरच्या जॉब लॉगवर भर द्या.

एकट्याचा विंडोज कॉम्प्युटर असेल तर ऑपरेशनल लॉग चालू करा, साइज वाढवा, पुरे. मॅक किंवा लिनक्स असेल तर बहुतेक काहीच करावं लागणार नाही. शेअर केलेल्या मशीनवर लॉगर लावा, स्पूलरची टिक काढलेलीच राहू द्या, आणि डॉक्युमेंटची नावं नोंदवणार असाल तर वापरणाऱ्यांना ते आधी सांगा, कारण नुसत्या फाइलच्या नावावरूनसुद्धा माणसाचं आजारपण किंवा नवीन नोकरीचा अर्ज कळतो.